विलीनीकरणानंतरचा स्टाफ नंबर आणि एकाच काउंटरवरचे ‘इकडचे-तिकडचे’

चिकलठाणकर (धागाकर्ता)

नमस्कार. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर मी गेली ११ वर्षे एका विमान कंपनीच्या ग्राउंड स्टाफमध्ये आहे. आमची जुनी कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली, त्याला दीड वर्ष होत आले. दोन्ही कंपन्यांची नावे मी लिहीत नाही, कारण मला कोणाची तक्रार चव्हाट्यावर मांडायची नसून आमच्या स्टेशनवरच्या एका गुंत्यातून वाट काढायची आहे. इथे बँका, महामंडळे आणि सरकारी खात्यांमध्ये असे विलीनीकरण अनुभवलेले बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढत आहे.

गुंता स्टाफ नंबरचा आहे. मोठ्या कंपनीच्या लोकांचे नंबर होते तसेच राहिले आणि आमच्या जुन्या नंबरांच्या आधी ७ हा आकडा लावून आम्हाला नवे नंबर मिळाले. ज्याने हे ठरवले त्याच्या दृष्टीने ही संगणकाची सोय असणार, कारण एकच नंबर दोन्हीकडच्या दोन माणसांना असता तर एकाचा पगार दुसऱ्याच्या खात्यात गेला असता. पण आमच्या रोस्टरचा, म्हणजे ड्यूटीच्या पाळ्यांचा, तक्ता नंबरच्या चढत्या क्रमाने निघतो, त्यामुळे ७ वाले सगळे तळाशी जातात, आणि रजेचे अर्जही त्याच तक्त्यावर बोट ठेवून वरून खाली पाहिले जातात. या दिवाळीत लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज या दोन दिवसांच्या रजा वरच्या ९ जणांमध्येच संपल्या आणि खालच्या ७ जणांपैकी एकालाही मिळाली नाही. गेल्या वर्षी कामाला लागलेला मुलगा तक्त्यात माझ्या वर आहे. तो बिचारा स्वतःच अवघडून जातो.

दुसरी खूण गळ्यातल्या पट्टीची. नव्या रंगाच्या पट्ट्या आधी काउंटरवर बसणाऱ्यांपुरत्या आल्या आणि रॅम्पवर, म्हणजे विमाने उभी राहतात तिथे, काम करणाऱ्यांच्या गळ्यात सात महिने जुनाच रंग राहिला. त्या सात महिन्यांत जेवणाच्या खोलीत कोण कुठे बसतो हे पट्टीवरून ठरू लागले. पुढे सगळ्यांना नवी पट्टी मिळाली तरी बसण्याच्या जागा बदलल्या नाहीत. नव्याने आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी ‘तू इकडची की तिकडची?’ असे विचारले गेले, तेव्हा तिला प्रश्नच कळला नाही, कारण ती विलीनीकरणानंतर लागलेली होती.

हे सगळे मानापमानाचे म्हणून मी सोडून दिले असते. पण आमचे दोन व्हॉट्सॲप ग्रुप अजून वेगळे आहेत, आणि गेल्या महिन्यात मुंबईहून येणाऱ्या विमानात जालन्याच्या एक आजी होत्या, त्यांना व्हीलचेअर लागणार असल्याचा निरोप एका ग्रुपवर आला तेव्हा रॅम्पवर दुसऱ्या ग्रुपमधले दोघे उभे होते. सगळे प्रवासी उतरून गेल्यावर त्या आजी विमानाच्या दाराशी एकट्या बसून राहिल्या. कोणी मुद्दाम केले नव्हते. आम्ही दोघांनी मिळून त्यांना खाली उतरवले, तेव्हा त्यांनी माझा हात धरून ‘बाबा, घरच्यांना सांग, मी आली म्हणून’ एवढेच म्हटले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्यातल्या बहुतेकांचे म्हणणे आहे की हा ७ काढून टाकावा आणि सगळ्यांना सरसकट नवे नंबर द्यावेत, अशी लेखी मागणी करावी. अर्ज तयार आहे. सही करण्याआधी आपली मते हवी आहेत.

गोदातीर

चिकलठाणकर भाऊ, मी इंडियन एअरलाइन्समध्ये लागलो आणि एअर इंडियातून निवृत्त झालो. मधल्या काळात मी नोकरी बदलली नव्हती. म्हणून अनुभवाने सांगतो, सही करण्याआधी थांबा.

आमच्या विलीनीकरणाच्या तारखा सर्वांना माहीत आहेत. २००७ मध्ये दोन्ही सरकारी कंपन्या एका नव्या कंपनीत आणल्या गेल्या, २०१० मध्ये त्या कंपनीचे नाव एअर इंडिया झाले आणि २०११ मध्ये आयसी हा आमचा उड्डाणांचा जुना कोडही गेला. म्हणजे विमानावरचे नाव, तिकिटावरचा कोड आणि गणवेश अशा दिसणाऱ्या खुणा चार वर्षांत एक झाल्या. न दिसणाऱ्या गोष्टी मात्र दोनच राहिल्या: पगाराची रचना, पदोन्नतीचा क्रम, कोणी कोणते विमान उडवायचे याचा हक्क. एप्रिल २०११ च्या अखेरीस पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक समान वेतनासाठी सुमारे १० दिवस संपावर गेले. पुढच्या वर्षी मे महिन्यात पूर्वीच्या एअर इंडियाचे वैमानिक संपावर गेले, कारण नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या बाजूच्या वैमानिकांना देण्यास त्यांचा विरोध होता, आणि तो संप ५८ दिवस चालला. त्या दोन संपांच्या मधे न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीचा अहवाल आला होता. विलीनीकरण होऊन चार वर्षे लोटल्यावर सरकारला सेवाज्येष्ठता आणि वेतन यांचा मेळ कसा घालायचा हे ठरवण्यासाठी ती समिती नेमावी लागली होती.

यावरून माझे मत असे झाले आहे की खूण पुसल्याने फाळणी मिटत नाही. आधी सेवाज्येष्ठतेची एकत्रित यादी हातात घ्या, तीत तुमची मूळ रुजू होण्याची तारीख बरोबर आहे हे पाहा, मग ७ राहिला काय आणि गेला काय. आज तो ७ हाच तुम्ही आधीच्या कंपनीत १० वर्षे घालवल्याचा उघड दिसणारा एकमेव पुरावा असेल, तर तो स्वतःच्या हाताने कशाला खोडता?

मोंढानाका

एक शंका. विमानतळात शिरताना सीआयएसएफचे जवान जो पास पाहतात, तो कंपनीच्या ओळखपत्राहून वेगळा असतो ना? त्यावरही कंपनीचे नाव असते का?

चिकलठाणकर

हो, तो वेगळा. त्याला आम्ही एईपी म्हणतो, तो नागरी विमान सुरक्षा ब्युरोकडून मिळतो आणि आपल्याला कोणत्या भागात जायची परवानगी आहे ती अक्षरे त्यावर असतात. कंपनीचे नावही असते, त्यामुळे विलीनीकरणानंतर सगळ्यांना नवे पास काढावे लागले. ते मात्र सगळ्यांचे एकाच नमुन्याचे आले. दारावरच्या जवानाला आमच्यात इकडचे-तिकडचे काहीच दिसत नाही.

गोदातीर काका, तुमचे म्हणणे पटते, पण दिवाळीची रजा त्या ७ मुळे गेली, हेही खरे आहे.

सातबारा

माझा विमानांशी संबंध नाही, पण हा विषय आमच्या घरात तीन पिढ्या बोलला गेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

माझे आजोबा परभणीत निजामाच्या राज्यात महसुली कारकून होते. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्या दिवशी आजोबांची खुर्ची, टेबल आणि कचेरी तीच राहिली, मालक मात्र बदलला. त्यांचे शिक्षण आणि दफ्तर उर्दूत, नव्या राज्याचे नियम वेगळे, वेतनश्रेणी वेगळी, आणि बदलीवर आलेले मुंबईकडचे अधिकारी त्यांना ‘हैदराबादचे’ म्हणत. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११५ मध्ये एक फार मोलाची तरतूद होती: अशा रीतीने वाटून दिलेल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीशिवाय त्यांचे नुकसान होईल अशा रीतीने बदलता येणार नाहीत. आता, ही तरतूद लागू करायची तर माणूस मुळात कुठल्या राज्याच्या सेवेतला हे कागदावर लिहिलेले असावे लागते. म्हणजे ज्या शब्दाने कचेरीत त्यांना बाजूला पाडले, त्याच शब्दाने त्यांची जुनी सेवा राखली.

आजोबांनी शेवटपर्यंत आपले उर्दू सर्व्हिस बुक कापडात बांधून ठेवले होते आणि त्याचे मराठी भाषांतर स्वतःच्या खर्चाने करून घेऊन त्यावर सहीशिक्का घेतला होता. आजी सांगायची की निवृत्तिवेतनाच्या वेळी १९५६ पूर्वीची वर्षे धरताना साहेबांनी पहिल्यांदा मागितले ते हेच पुस्तक.

म्हणून माझी विनंती अशी की ‘हैदराबादचे’ हा शब्द जेवणाच्या खोलीतून जावा, पण सर्व्हिस बुकातून जाऊ नये. तुम्ही दोन्ही ठिकाणच्या खुणेला एकाच अर्जात धरले आहे, तिथे गडबड होते आहे असे मला वाटते.

जायकवाडी

सातबारा ताई, फार नेमके लिहिलेत. आमच्या भागाला हे तसे नवे नाही. निजामाच्या सरकारची आणि टाटांची भागीदारी असलेली डेक्कन एअरवेज १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात इतर सात कंपन्यांबरोबर इंडियन एअरलाइन्समध्ये गेली, आणि २०१७ मध्ये १ एप्रिलला आपली हैदराबाद बँक स्टेट बँकेत गेली. बँकेतला माझा मित्र आजही सेवेची वर्षे सांगताना दोन्ही बँकांची एकत्र सांगतो आणि नांदेडकडचे जुने खातेदार अजून ‘हैदराबाद बँकेत जाऊन येतो’ म्हणतात. त्यांच्या तोंडी त्या नावात आपलेपणाखेरीज दुसरे काही नसते.

वरचातक्ता

मी चिकलठाणकरांच्या स्टेशनवरचा नाही, पण अशाच एका विलीनीकरणात मोठ्या कंपनीच्या बाजूला आहे, आणि आमची बाजूही कोणीतरी मांडायला हवी.

रुजू होण्याची तारीख धरा असे सगळे म्हणत आहेत. ऐकायला ते न्याय्य वाटते. पण दोन कंपन्यांमध्ये वाढीचा वेग सारखा नसतो. जी कंपनी नवी होती आणि झपाट्याने वाढत होती, तिथे तीन-चार वर्षांत माणूस ड्यूटी मॅनेजर झाला, आणि आमच्याकडे त्याच पदासाठी आठ-नऊ वर्षे थांबावे लागले, कारण वरच्या जागा भरलेल्या होत्या. आता एकत्रित यादी पदानुसार लावली तर तिकडचा चार वर्षांचा माणूस आमच्या आठ वर्षांच्या माणसाचा साहेब होतो. तारखेनुसार लावली तर त्याने मिळवलेले पद त्याच्याकडून काढून घेतल्यासारखे होते. यातला कोणताही मार्ग घेतला तरी कोणाला तरी आपले काही हिरावले गेले असे वाटणारच. आमच्याकडचे लोक ‘तिकडच्यांना’ नावे ठेवतात, त्यामागे पुष्कळदा ही भीती असते. ती भीती उघड बोलली जात नाही, म्हणून ती पट्टीच्या रंगावर आणि टेबलावर निघते.

वेरूळरस्ता

वरचातक्ता यांनी मांडलेला पेच खरा आहे आणि त्याचे सगळ्यात लांबलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या कंपन्या एक झाल्या. जुन्या यूएस एअरवेजचे वैमानिक ‘ईस्ट’ आणि अमेरिका वेस्टचे ‘वेस्ट’ म्हणून ओळखले जाऊ लागले. ईस्टकडे सेवेची वर्षे जास्त होती, पण त्यांची कंपनी दिवाळखोरीतून आलेली आणि अनेक जण कामावरून तात्पुरते कमी केलेले. वेस्टकडे वर्षे कमी, पण नोकऱ्या चालू. लवादाने २००७ मध्ये यादी दिली, तीत अशा कमी केलेल्या ईस्टच्या वैमानिकांना, त्यांतल्या काहींची सेवा १५ वर्षांहून अधिक असूनही, खाली ठेवले. ईस्टची संख्या जास्त असल्याने त्यांनी जुनी संघटना मतदानाने बाजूला सारून नवी आणली आणि ती यादी अमलात येऊ दिली नाही. उड्डाणाचा परवाना एक झाला तरी पुढची अनेक वर्षे ईस्टचा कॅप्टन आणि वेस्टचा सहवैमानिक एका कॉकपिटमध्ये बसत नव्हते. शेवटी २०१३ च्या अखेरीस ती कंपनीच अमेरिकन एअरलाइन्सशी जोडली गेली, आणि एकत्रित यादीचा प्रश्न त्यानंतरच्या नव्या लवादाकडे गेला.

आपल्याकडचे ताजे उदाहरण ‘विस्तारा’ या विमान कंपनीचे. १२ नोव्हेंबर २०२४ पासून ती एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या उड्डाणांना एअर इंडियाच्या कोडपुढे २ ने सुरू होणारे चार आकडी क्रमांक मिळाले. चिकलठाणकरांचा ७ वाचून मला तो २ आठवला. उड्डाण क्रमांकातल्या त्या खुणेने प्रवाशाला विमान कोणत्या धर्तीचे असेल ते कळत होते, म्हणजे तिचा उपयोग होता. त्याआधी एप्रिल २०२४ मध्ये नव्या वेतनरचनेत हमखास मिळणाऱ्या उड्डाणतासांची संख्या ७० वरून ४० वर येणार म्हणून विस्ताराच्या वैमानिकांमध्ये नाराजी पसरली आणि कंपनीला रोजची बरीच उड्डाणे कमी करावी लागली होती. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूने मोठ्या संख्येने आजारपणाची रजा टाकली, तेव्हाही एआयएक्स कनेक्टबरोबरच्या (पूर्वीची एअरएशिया इंडिया) विलीनीकरणाच्या काळातली वागणूक हाच तक्रारीचा विषय होता. २५ जणांना काढले गेले आणि मुख्य कामगार आयुक्तांपुढच्या बोलणीनंतर परत घेतले गेले. या दोन्ही ठिकाणी भांडण तास, पगार आणि वागणुकीवरून पेटले होते.

कचेरीबाहेर

कामगार खटल्यांत मी लिखापढीचे काम करतो. वरच्या चर्चेला कागदाची जोड देतो.

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम २५ एफएफ मध्ये तत्त्व असे होते की आस्थापना एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली, कामगाराची सेवा खंडित झाली नाही, नव्या शर्ती पूर्वीपेक्षा कमी नाहीत आणि पुढे कधी कपात झाली तर सेवा अखंड होती असे धरून भरपाई देण्यास नवा मालक बांधील आहे, अशा तिन्ही अटी पुऱ्या होत असतील तर हस्तांतरणाच्या वेळी भरपाई मिळत नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही हस्तांतरणाची अशीच तरतूद आहे. यातला ‘अखंड’ हा शब्द तुमच्या सगळ्या हक्कांचा पाया आहे. ग्रॅच्युइटी त्यावर, कपातीची भरपाई त्यावर. आणि तो सिद्ध होतो रुजू तारखेवरून.

भविष्य निर्वाह निधीचे पाहा. मालक बदलला की सभासद क्रमांक बदलू शकतो, पण तुमचा यूएएन, म्हणजे निधीचा कायमचा खाते क्रमांक, तोच राहतो. विलीनीकरणानंतर पासबुक उघडून जुन्या खात्यातली सेवा नव्या खात्याशी जोडली गेली आहे का, हे प्रत्येकाने पाहिलेच पाहिजे. पगारपत्रकावर रुजू तारीख म्हणून विलीनीकरणाचा दिवस छापून आला असेल तर त्याच आठवड्यात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांतल्या सहा-सात जणांना ही चूक निवृत्तीच्या वर्षी कळते, तेव्हा मूळ नेमणूकपत्र हरवलेले असते.

चिकलठाणकर

सर्वांचे मनापासून आभार. काल ड्यूटी संपल्यावर आम्ही सातही जणांनी आपापली पगारपत्रके काढून पाहिली. पाच जणांची तारीख बरोबर आहे. दोघांच्या पत्रकावर विलीनीकरणाचाच दिवस आहे, आणि दोघेही रॅम्पवरचे, म्हणजे ज्यांच्या गळ्यात सात महिने जुनी पट्टी होती त्यांच्यातलेच. या धाग्याशिवाय ते आम्ही पाहिलेच नसते. त्यांची हरकत आज ईमेलने गेली.

जुना अर्ज आम्ही फाडला. नव्या अर्जात नंबर बदलण्याची मागणी नाही. तीन गोष्टी मागितल्या आहेत: रोस्टरचा आणि रजेचा तक्ता स्टाफ नंबरऐवजी मूळ रुजू तारखेच्या क्रमाने काढावा, सणाच्या रजा दरवर्षी आळीपाळीने द्याव्यात म्हणजे ज्याला या वर्षी मिळाली तो पुढच्या वर्षी मागे जाईल, आणि ड्यूटीचे निरोप स्टेशनच्या एकाच ग्रुपवर यावेत. आळीपाळीची सूचना वरचातक्ता यांचे वाचून घातली, कारण नुसती तारीख धरली असती तर त्यांच्याकडचे नवे लोक कायमचे तळाला गेले असते आणि आम्ही त्यांच्याशी तेच केले असते जे आमच्याशी झाले.

वरचातक्ता

हे योग्य केलेत. अर्जावर दोन्हीकडच्यांच्या सह्या घ्या. फक्त ७ वाल्यांच्या सह्या असतील तर तो वाचण्याआधीच त्याची बाजू ठरेल.

गोदातीर

आणि पदांचा प्रश्न या अर्जात आणू नका. तो स्टेशनवर सुटणारा नाही, त्यासाठी वरची यादी यावी लागेल. पण ती यादी कधी येणार, हे मात्र दर तीन महिन्यांनी लेखी विचारत राहा.

चिकलठाणकर

महिन्याभराने लिहितो आहे, धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व. अर्जावर १६ पैकी १३ सह्या झाल्या, त्यात तिकडच्या ६. जो मुलगा तक्त्यात माझ्या वर होता त्याने सगळ्यात आधी सही केली. स्टेशन मॅनेजरांनी रोस्टरचा क्रम बदलून दिला, कारण ते त्यांच्या हातात होते. सणाच्या रजांचे ‘वर विचारतो’ असे उत्तर आहे. ग्रुप एक झाला आहे, आणि व्हीलचेअरचा निरोप आला की रॅम्पवरचा जो असेल त्याने ‘घेतले’ असे लिहायचे ठरले आहे. दोघांपैकी एकाची रुजू तारीख दुरुस्त होऊन आली, दुसऱ्याचे मूळ नेमणूकपत्र मागवले आहे, ते त्याच्या गावी, गेवराईला, पेटीत आहे. तो रविवारी आणायला जाणार आहे.

जेवणाच्या खोलीत मात्र अजून दोन टेबले आहेत.